मुकादमाची माती

३ ऑगस्ट, रविवार

ही वही खाणीची. तारीख, गाडी नंबर, ट्रिपा आणि शेरा असे चार रकाने आखलेली. खाण बंद पडली तेव्हा ऑफिसच्या कपाटातून तीन कोऱ्या वह्या उचलून आणल्या होत्या, त्यातली ही शेवटची. अठ्ठावीस वर्षं सुर्ल्याच्या खाणीवरून जेटीपर्यंत ट्रक हाकला आणि रोजच्या ट्रिपा लिहिल्या. आता ट्रक नाही, पण दिवेलागणीला वही उघडली नाही तर हात चुळबुळतो. बहुतेक दिवशी एवढंच लिहितो: ट्रिपा शून्य, शेरा काही नाही.

आज शेरा आहे. आमची लेक तेजस्विनी आली आणि सोबत सरडा घेऊन आली.

थट्टा नाही. ऑस्ट्रेलियातला दाढीवाला सरडा, शेपटीसकट दोन विती. तेजू मोपाच्या विमानतळावर कामाला आहे, पेडण्यात खोली घेऊन राहते. तिकडे मांद्र्याला भाड्याने राहिलेलं एक परदेशी जोडपं मायदेशी गेलं आणि हा मागे राहिला. हिने तो मागून घेतला. आता म्हणते, खोलीच्या मालकाची हरकत आहे, म्हणून इकडे आणला. मी म्हटलं, मला विचारायचंस तरी. माझी बायको वत्सला म्हणाली, मला विचारलं होतं. या घरात मला विचारायची पद्धत माझी नोकरी गेल्यापासून बंद झाली आहे.

काचेची पेटी देवघराच्या शेजारच्या कोनात ठेवली. एक दिवा उबेचा, एक ट्यूब उन्हाची. खाली जुने पेपर अंथरलेले. दिवा सकाळी आठला लावायचा, संध्याकाळी सातला घालवायचा, आणि दगडावरची ऊब चाळीसच्या आतबाहेर राहते का ते मीटरवर बघायचं. तेजूने सगळं दोनदा सांगितलं, मग म्हणाली, “बाबा, हेका दिवसभर एकट्याक ठेवूक जमाचा नाय. धा ते पाच कोणतरी घरात होया.”

मी म्हटलं, दसऱ्यानंतर मी घरात नसेन. गेल्या महिन्यात बाबली भेटला होता. तो आणि मी एकाच वर्षी ट्रकवर चढलो. पाऊस सरला की खाण परत सुरू, दसऱ्याला पहिले ट्रक निघणार, जुने ड्रायव्हर हवे आहेत, तुझं नाव देतो म्हणाला. मी हो म्हटलं आहे. माझं अजून साठावं लागायचं आहे. घरात बसून माणूस गंजतो.

हे ऐकून मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग तेजू म्हणाली, दसऱ्यापर्यंत तरी सांभाळा.

खोकला थोडा आहे. हवाच तशी आहे.

४ ऑगस्ट

सरडा काही खात नाही. दगडाच्या आड तोंड खुपसून बसला आहे. अंगाचा रंग मळकट, शिळ्या चहासारखा. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून ठेवला, तो सुकून गेला. भोपळा किसून ठेवला, त्याच्यावरून चालत गेला.

तेजूने एका डब्यात रातकिडे दिले आहेत. हा अजून वाढीच्या वयाचा, त्याला पाल्याबरोबर किडेही लागतात. वत्सलाने डबा बघितला आणि कपाळाला हात लावला. आज श्रावणातला सोमवार. “श्रावणात माझ्या घरात हत्या होवची नाय,” म्हणाली. शेवटी तोड निघाली ती अशी: मी सरड्याला टोपलीत घालून मागच्या पडवीत न्यायचं आणि तिथे त्याने काय ते खायचं. पडवी घरात मोजत नाहीत. आज नेला. किडा नाकासमोरून उड्या मारत गेला, याने डोळे मिटून घेतले.

मी सुद्धा जेवणावर तसाच बसलो होतो. महिनाभर मासळी नाही, आणि तसंही हल्ली दोन घासांनंतर नको वाटतं.

७ ऑगस्ट

तेजूला फोन केला. ती म्हणते, नवीन जागा आहे, पंधरा दिवस लागतील, उचलू नका, फक्त जवळ बसा. जवळ बसणं हे काम मला येत नाही. ट्रक असेपर्यंत बसणं म्हणजे जाणं होतं. आता खुर्ची घेतली, पेटीसमोर बसलो आणि दहा ते पाच काढले. मधे तासभर डोळा लागला.

जागा झालो तेव्हा तो दगडावर चढून बसला होता. मान वर, छाती पुढे, गळ्याखालची दाढी फुगलेली, आणि एक डोळा माझ्यावर. खाणीच्या तोंडाशी आमचा मुकादम अगदी असाच बसायचा. कोण किती वाजता आला, कोणाची ट्रिप चुकली, सगळं त्या एका डोळ्यात. मी त्याला म्हटलं, मुकादम, मी झोपलो नव्हतो. नाव तेच पडलं.

१० ऑगस्ट, रविवार

तेजूची आज सुट्टी. मुकादमाने काल पडवीत पहिला किडा खाल्ला, हे तिला सांगायला मी दारातच उभा होतो.

दुपारी वीज गेली ती तीन तास. पेटी गार पडायला लागली. तेजू म्हणाली, अंगाची ऊब देऊया, आणि तिने त्याला माझ्या छातीवर ठेवला. मी आरामखुर्चीत आडवा, तो सदऱ्यावर पसरलेला, नखं जराशी रुतलेली. त्याचं पोट माझ्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. तेजू त्याला बघायला वाकली आणि तशीच थांबली.

“बाबा, तुमच्या छातीत काय वाजता?”

मी म्हटलं, मुकादमाचं असेल. ती म्हणाली, तो नाही वाजत. मग मी म्हटलं, जुना ट्रक आहे, घाटी चढताना वाजायचाच. ती हसली नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघींची कुजबुज चालू होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर भाजीचा विषय निघाला. बायकांचं काय चाललेलं असतं ते देवाला ठाऊक.

१४ ऑगस्ट

उबेचा दिवा गेला. जास्तीचा दिवा तेजूच्या खोलीवर राहिला होता आणि तिची पाळी सकाळची, म्हणून मीच साखळीहून म्हापसा आणि तिथून पेडणे असा बसने गेलो. वत्सला दहा ते पाच मुकादमासमोर बसली. बसली म्हणजे तिथे बसून वाती वळल्या.

खोलीचे मालक रामचंद्र म्हणून एक म्हातारे गृहस्थ आहेत. किल्ली त्यांच्याकडे होती. चहा दिला. मी आपलं शिष्टाचार म्हणून म्हटलं, आमच्या मुलीने तुम्हाला सरड्याचा त्रास दिला, माफ करा. ते बघतच राहिले. म्हणाले, “माझी कसली हरकत? माका तर बरो वाटायचो. तिणाच सांगल्यान, बाबांका होयो म्हणान.”

वय झालं की माणूस एकाचं दुसऱ्याला जोडतो. मी वाद घातला नाही, दिवा घेतला आणि निघालो. त्यांच्या घरापासून बसस्टँडपर्यंत एक छोटा चढ आहे. त्यात दोनदा थांबलो. बस पावणेदोनची होती, गडबड नव्हती.

१९ ऑगस्ट

मुकादम रुळला. आज माझ्या हातातून जास्वंदीचं फूल खाल्लं, पाकळी पाकळी ओढून. रंग उजळला आहे, पाठीवर नाचणीच्या भाकरीसारखी तांबूस झाक. आणि नवीन म्हणजे, मी समोर बसलो की एक हात वर करून हळू गोल फिरवतो. समोरून रिकामा ट्रक आला की आम्ही ड्रायव्हर स्टिअरिंगवरून असाच हात करायचो. मी पण केला. त्याने परत केला. वत्सला दारात उभी राहून आमच्या दोघांकडे बघत होती. म्हणाली, एवढं तुम्ही माझ्याशी पण बोलत नाही.

तेजू म्हणते, तो हात करतो म्हणजे, तुम्ही मोठे, मी लहान, मला मारू नका, असं सांगतो. मला ते पटलं नाही. मुकादम असं कोणाला सांगणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण संपला. मुकादमाचं पडवीत जाणं बंद, जेवण घरातच. मला बांगडा मिळाला, अर्धा खाल्ला.

तेजूने मोबाईलवर मुकादमाचा मुलूख दाखवला. मी चष्मा लावून तीनदा बघितला. लालभडक माती, मैलोन्मैल, झाड नाही, वर निळं आभाळ. मला वाटलं, कोणी सुर्ल्याचाच फोटो काढलाय. मार्चमध्ये आमची खाण अगदी अशीच दिसायची, फक्त ट्रक दिसत नव्हते. म्हणजे हा परदेशी नाहीच. हा आमच्याच मातीतला, आणि आम्ही त्याला पेपरावर बसवलाय. तेजूला म्हटलं, याला थोडी माती घालूया. ती म्हणाली, नको, कागदच बरा, पुसायला सोपा. आजच्या पोरांना पुसायला सोपं ते सगळं बरं.

बुधवारी चतुर्थी. दरवर्षी आम्ही दोडामार्गला मूळ घरी जातो. पाच भावांचा एक गणपती. या वर्षी मुकादमाला कोण बघणार हा प्रश्न आला आणि मी म्हटलं, मी राहतो. भावाने फोनवर खूप ऐकवलं. जन्मात पहिल्यांदा चतुर्थी चुकणार. वाईट वाटतंय. पण मूळ घर टेकडीवर आहे, वरपर्यंत रस्ता नाही, आणि सामान घेऊन चढायचं म्हणजे… असो. मुकादमाचं निमित्त झालं.

२८ ऑगस्ट

घरात मी आणि तो. काल शेजारून आरतीचा आवाज येत होता, तेव्हा उठून त्याच्यापुढे उदबत्ती लावावी असं क्षणभर वाटलं. लावली नाही. धूर चालत नाही त्याला.

आज सकाळी पाऊस उघडला होता. पिशवी घेतली आणि जुन्या लोडिंग पॉइंटकडे गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा. गेट उघडं, झुडपं माजलेली, पण शेडखाली माती तशीच आहे, कोरडी, पिठासारखी. वाकून मूठभर घेतली. वजन हाताला ओळखीचं लागलं. या मातीने घर बांधलं, तेजूला शिकवलं, आणि मी आठ वर्षं तिच्याकडे पाठ करून बसलोय. डोळे भरून आले, ते लिहून ठेवतो. आत कोणी बघायला नव्हतं.

चार किलो आणली. वत्सलाची पिठाची चाळण घेऊन मागच्या पडवीत चाळली, म्हणजे खडा राहायला नको. मग लोखंडी कढईत भाजून घेतली, कीड नको म्हणून. पडवीभर लाल धूर. खोकला असा उठला की ओट्याला धरून बसावं लागलं. चूळ भरली तर तांबडं आलं. मातीचंच ते.

पण पेटी अशी दिसते आहे! पेपर काढले, बोटभर माती पसरली, मधे दगड. मुकादम उतरला, जीभ लावून बघितली, परत लावली, मग पोट टेकून पसरला. घरी पोचल्यासारखा.

तेजूला सांगणार नाही. आली की बघेल.

३० ऑगस्ट

वत्सला परत आली. तेजू तिकडूनच पेडण्याला गेली, चतुर्थीची गर्दी, महिनाभर सुट्ट्या उलटसुलट. वत्सलाने पेटी बघितली, मग चाळण बघितली. चाळणीवरून जे बोलली ते इथे लिहीत नाही. पेटी छान दिसते हे मात्र कबूल केलं. तेजूची गंमत करायची आहे म्हटल्यावर तिला न सांगायला तयार झाली.

६ सप्टेंबर

बाबली घरी आला होता. म्हणाला, “रघ्या, तुझा नाव दिलंय. दसऱ्याक हार घेऊन ये.” अंगावर मूठभर मांस चढलं. लायसन काढून बघितलं, चालू आहे. बाबलीने मुकादमाची माती बघून शाबासकी दिली. त्याच्या समोर मुकादमाने किडा धरला तो मातीत लोळवून, कचकच चावून गिळला.

बाबली पण खोकतो. आम्ही दोघं खोकायला लागलो तेव्हा वत्सला आतून म्हणाली, भजन कधी संपणार.

११ सप्टेंबर

मुकादमाने तीन दिवस पाल्याला तोंड लावलेलं नाही. हगलाही नाही. दगडावर चढायला बघतो आणि मागचे पाय घसरतात. दिवा बघितला, ट्यूब बघितली, मीटर चाळीस दाखवतो. मी काय चुकवलं ते कळत नाही.

तेजूला फोनवर म्हटलं, बरा आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

आज तेजू आली. चप्पल काढायच्या आधी पेटीकडे गेली. मी गंमत बघायला मागे उभा.

तिने काच सरकवून त्याला उचललं, पोटावर बोट फिरवलं. मुकादमाची दाढी काळीठिक्कर झाली होती आणि मागचे दोन्ही पाय लोंबत होते. मग विचारलं, ही माती खयची. मी म्हटलं, आपल्या खाणीवरची, चाळून, भाजून. तुझ्या फोटोत होती तशी.

“बाबा, ती तेच्या पोटात गेली,” एवढंच म्हणाली, आणि रडायला लागली.

मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर परवडलं असतं. दर घासाला थोडी थोडी गेली, आणि मी समोर खुर्ची टाकून दहा ते पाच बघत होतो. अठ्ठावीस वर्षांत एक कुत्रं माझ्या चाकाखाली आलं नाही.

१५ सप्टेंबर

म्हापशाला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एक तरुण मुलगी, सेजल नावाची. तिने मुकादमाला एका पाटीवर ठेवून एक्स-रे काढला आणि तो काचेवर लावून आम्हाला बोलावलं. सगळं अंग करडं, बारीक बारीक हाडं, आणि पोटाच्या जागी एक पांढराशुभ्र गोळा. डॉक्टरीण म्हणाली, साधी वाळू इतकी पांढरी दिसत नाही, ही कसली? मी म्हटलं, लोखंडाची. सुर्ल्याची. पूर्वी बोटीत भरून परदेशी जायची. हे का सांगितलं कळत नाही.

रोज दोन वेळा कोमट पाण्यात बसवायचं, पोट वरून खाली चोळायचं, तोंडातून औषधाच्या तेलाचे थेंब. दहाबारा दिवसांत सरकलं तर जगेल. नाहीतर पोट कापावं लागेल, आणि एवढ्या जीवाचं ते सांगता येत नाही.

बाहेर बाकड्यावर बसलो. टोपली माझ्या मांडीवर. एक्स-रेचं पाकीट तेजूच्या हातात होतं, ते तिने उलटसुलट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोटातली दिसली. तुमच्या छातीतली कधी बघूया?”

मला राग आला. खोकला म्हटला की पुढचा शब्द टीबी, आणि टीबी म्हटला की बाबलीच्या यादीतून नाव गेलं. पण टोपलीत तो होता आणि त्याला तिथे मी पोचवला होता. मी म्हटलं, “आधी तेचा पोट साफ होवंदे. मग तू म्हणशीत थय येतंय.”

तिने हात पुढे केला. ड्रायव्हरचा शब्द, मी हातावर हात मारला.

१६ सप्टेंबर

माती काढली. पेटी धुतली, पेपर अंथरले. चार किलो माती परत लोडिंग पॉइंटवर नेऊन टाकावी असं वाटलं, पण तेवढं चालायची ताकद नव्हती. माडाच्या मुळात ओतली.

१८ सप्टेंबर

सकाळ-संध्याकाळ पाणी तापवतो, कोपर बुडवून बघतो. तेजू तान्ही असताना वत्सला असंच बघायची. मी तेव्हा तिसऱ्या ट्रिपेवर असायचो. मुकादम पाण्यात पाय सोडून बसतो, मान माझ्या अंगठ्यावर. मी पोट चोळतो. काही नाही.

कमरेतून वाकलं की मला धाप लागते. आम्ही दोघं मग थोडा वेळ तसेच बसतो.

२१ सप्टेंबर, रविवार

काही नाही. तेजू सुट्टी नसताना अर्धा दिवस येऊन गेली. औषध तिने पाजलं. त्याचे डोळे खोल गेलेत. मी रात्रीचं जेवण टाळलं, वत्सला म्हणाली, तो खात नाही म्हणून तुम्ही खात नाही की तुम्ही खात नाही म्हणून तो. मी थकलोय. नुसतं पाणी तापवून माणूस एवढा थकतो हे मला माहीत नव्हतं.

२३ सप्टेंबर

झालं.

संध्याकाळच्या पाण्यात, पोट चोळताना एकदम पाणी लाल झालं. बोटाच्या पेराएवढा गोळा, मातीचाच, कडक. मग अजून एक. मुकादमाने मान उचलली आणि माझ्याकडे बघितलं, तोच एक डोळा. मी न्हाणीघरात जमिनीवर बसून हसत होतो. खोकत होतो आणि हसत होतो.

वत्सला शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. घरात कोणी नव्हतं.

गोळे धुतले, पेपरात गुंडाळले आणि फळीवर हळदीच्या डब्यामागे ठेवले. टाकवत नाहीत. वत्सला आली, विचारलं, काही झालं का. मी म्हटलं, नाही.

२४ सप्टेंबर

सांगितलं नाही. मुकादमाने जास्वंद खाल्लं, ते सुद्धा सांगितलं नाही.

दसऱ्याला आठ दिवस आहेत. एक्स-रे दसऱ्यानंतरही काढता येतो. आठ दिवस गोळा अडकून राहिला असता तर राहिलाच असता की. असं मी सकाळपासून स्वतःला समजावतोय आणि मुकादम दगडावर बसून ते ऐकतोय. खाणीवर ट्रिप चोरली की तो दुसरा मुकादम काही बोलायचा नाही, फक्त बघायचा. आपणच जाऊन कबूल व्हायचो.

२५ सप्टेंबर

वत्सलाला हळद हवी होती.

पुडी उघडून ती माझ्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. “दोन दिवस लपवन ठेवलात?” म्हणाली. मग खाली बसली. माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घालून माझा रुमाल काढला, उलगडला, आणि पुडीशेजारी जमिनीवर ठेवला. रुमालावरचे डाग आणि ते गोळे, रंग एकच होता. मला वाटायचं रुमाल मीच धुतो. ती म्हणाली, गेले सहा महिने तुम्ही धुतलेले रुमाल मी परत धुते, आणि जुलैमध्ये मीच तेजूला कळवलं, वडील परत ट्रकवर चढायचं म्हणतात, काहीतरी कर.

मी विचारलं, काय केलं मग तिने? ती मुकादमाकडे बघून उठली आणि फोडणीला लागली.

तेजूला मीच फोन केला. म्हटलं, पोट साफ झालं. कधी येऊ?

२७ सप्टेंबर

म्हापसा. या वेळी माणसांचा दवाखाना. सदरा काढून थंडगार पाटीला छाती लावून उभं केलं. आतून आवाज आला, श्वास घ्या, रोखून धरा. घेतला, पण रोखता आला नाही. तीनदा करावं लागलं. मुकादम पाटीवर किती गप्प पडून होता हे आठवलं.

काचेवर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके, भरपूर, चाळणीतून पडल्यासारखे. तेजू माझा हात धरून उभी. डॉक्टरने कामाचं विचारलं, किती वर्षं, तोंडाला काही बांधायचात का. मी म्हटलं, टॉवेल, उन्हाळ्यात. थुंकी तपासली, टीबी नाही. त्याचा आनंद मला एकट्यालाच झाला.

मी विचारलं, हे बाहेर यायला किती दिवस. कोमट पाणी, तेल, काही असेल ते सांगा, मला सवय झाली आहे. डॉक्टर म्हणाले, “छातीत गेलेली माती बाहेर येत नाही. नवी जाऊ द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.”

येताना बसमध्ये तेजू खिडकीशी होती. साखळी आल्यावर धूळ दिसली तशी तिने खिडकी बंद केली.

ट्रिपा: एक.

२ ऑक्टोबर, दसरा

बाबलीला परवाच सांगितलं होतं, नाव काढ. तो वाद घालेल असं वाटलं होतं. एवढंच म्हणाला, एक्स-रे कुठे काढलास ते सांगून ठेव.

अठ्ठावीस वर्षं दसऱ्याला ट्रक धुतला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटला हार घातला. आज घरात पुजायला काय? तेजूची स्कूटर पुजली, वत्सलाची विळी पुजली. राहिलेलं झेंडूचं फूल मुकादमाच्या दिव्याच्या बटणाला अडकवलं, ते पेटीत पडलं आणि त्याने खाल्लं. सगळं खाल्लं, देठसुद्धा. मग दगडावर चढला, चारही पायांनी.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर हॉर्न वाजला. पहिला ट्रक. मागोमाग दुसरा, तिसरा. बाबलीचा हॉर्न मी शंभरात ओळखीन. आमच्या दारासमोर त्याने लांब वाजवला. मी खुर्चीतून उठलो होतो, हात वर गेला होता. फाटकापर्यंत पंधरा पावलं आहेत. मागे मुकादमाने दाढी फुगवली होती. रस्त्यावर धूळ उठून हळूहळू अंगणात यायला लागली, लाल, ओळखीची. तिचा वास आला. मला जायचं होतं, हे लिहून ठेवतो. अजून जायचं आहे.

मी खिडकीशी गेलो आणि दोन्ही दारं ओढून कडी घातली. मग दुसरी खिडकी.

वत्सला स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. विचारलं, “धूळ कोणाक सोसना नाय?”

मी म्हटलं, “दोघांकय.”

ती आत गेली. मी खुर्ची पेटीसमोर ओढली. पाचला अजून सात तास होते.